क्वांटम कॉम्प्युटिंग शिकायचंय? फी भरण्याआधी माल पारखा



आपल्या चॅनलवर आपण नेहमी जीएसटी, उधारी वसुली, स्टॉकची नोंद, दुकानाची मांडणी असले विषय घेतो. आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, भाऊचं डोकं फिरलं की काय! क्वांटम कॉम्प्युटर कुठे आणि शहाद्यातलं झेरॉक्सचं दुकान कुठे. पण विषय नवा असला तरी प्रश्न आपला जुनाच आहे. पैसा कुठे घालायचा, कुठे नाही, आणि माल न बघता ॲडव्हान्स द्यायचा का?

झालं असं. जून महिना, पेरणीचे दिवस. दुकानात एक ओळखीचे शेतकरी आले, मी त्यांना आप्पा म्हणतो. सोबत त्यांचा मुलगा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. आप्पांनी मोबाईल काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, हाई काय शे?" स्क्रीनवर एका कोर्सची जाहिरात होती. सहा महिन्यांत क्वांटम इंजिनिअर, नोकरीची हमी, एकूण फी ४५ हजार, आज पंधरा हजार भरले तर सवलत. ते पंधरा हजार माझ्याकडून ऑनलाइन ट्रान्सफर करायचे होते. आणि ते पैसे कुठले, तर खत-बियाण्याला बाजूला काढलेले.

ट्रान्सफर केला असता तर मला माझं कमिशन मिळालं असतं. पण मुलाचा चेहरा बघितला आणि मला माझीच गोष्ट आठवली. बीबीए झाल्यावर मीही असाच एका क्लासला मोठी फी भरली होती. सर्टिफिकेट आजही गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. कोणी कधी विचारलं नाही.

मी म्हटलं, "आप्पा, मला आठ दिवस द्या. तोवर एक रुपया भरू नका." मुलगा नाराज झाला. सवलत आजचीच होती ना!

आठ दिवस मागितले खरे, पण मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. फिजिक्स माझं दहावीलाच सुटलं. मग रोज शटर ओढल्यावर बसायला लागलो. आठ दिवसांचे तीन महिने झाले. मी तज्ज्ञ झालो नाही, पण कुठला माल अस्सल आणि कुठला भेसळीचा हे ओळखायला शिकलो. ते तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात, शेजारात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना हा लेख नक्की वाचायला द्या.

आधी दहा मिनिटं विषयाला द्या

मिरचीची पारख करायची तर आधी मिरची हातात घ्यावी लागते. म्हणून थोडा विषय समजून घेऊ. घाबरू नका, खातेवही लिहिता येते त्याला हे जमतं.

साध्या कॉम्प्युटरचा बिट म्हणजे ० किंवा १. क्वांटम कॉम्प्युटरच्या बिटला क्युबिट म्हणतात. क्युबिटची अवस्था दोन आकड्यांनी लिहितात. एक आकडा ० साठी, दुसरा १ साठी. या आकड्यांना ॲम्प्लिट्यूड म्हणतात. क्युबिट मोजला की उत्तर एकच मिळतं, ० किंवा १. कोणतं उत्तर येण्याची शक्यता किती, हे त्या आकड्याचा वर्ग केला की कळतं. ०.७०७ चा वर्ग साधारण ०.५, म्हणजे पन्नास टक्के.

आता खरी गंमत. शक्यता कधी उणे नसते. "पाऊस पडण्याची शक्यता उणे वीस टक्के" असं कोणी म्हणत नाही. पण ॲम्प्लिट्यूड उणे असू शकतो. आपल्या खातेवहीत जशी जमा आणि नावे बाजू असते तसं. पाचशे जमा, पाचशे नावे, बाकी शून्य. दोन व्यवहार झाले, पण शिल्लक काही नाही. क्वांटम कॉम्प्युटिंगचा सगळा जीव या वजावटीत आहे. (पुढे शिकताना कळतं की हे आकडे कॉम्प्लेक्स नंबरही असतात. सुरुवातीला उणे-अधिक पुरे.)

एक उदाहरण करून बघू. हॅडमार्ड नावाचं एक गेट असतं. ते ० ला लावलं की दोन्ही आकडे +०.७०७ होतात. म्हणजे मोजलं तर पन्नास-पन्नास, नाणं उडवल्यासारखं. १ ला लावलं तर +०.७०७ आणि −०.७०७ होतात. तेही पन्नास-पन्नासच, फक्त एक बाजू उणे.

आता प्रश्न. नाणं एकदा उडवलं, पन्नास-पन्नास. पुन्हा उडवलं, तरी पन्नास-पन्नास. मग हॅडमार्ड गेट मध्ये न मोजता दोनदा लावलं तर?

हिशोब मांडू. सुरुवात ० पासून. दुसऱ्या गेटनंतर ० कडे येणाऱ्या वाटा दोन: पहिल्या वाटेने ०.७०७ गुणिले ०.७०७ म्हणजे +०.५, दुसऱ्या वाटेनेही +०.५. बेरीज १. आता १ कडे येणाऱ्या वाटा बघा: एकीने +०.५, दुसरीने −०.५. बेरीज शून्य. जमा-नावे बरोबर, खातं बंद! म्हणजे उत्तर दरवेळी ०, शंभर टक्के. दोनदा उडवलेलं नाणं असं कधीच करणार नाही.

हे तुम्हाला कळलं असेल, तर तुम्ही अर्ध्या जाहिरातवाल्यांच्या पुढे गेलात. खरंच सांगतो.

पारखण्याच्या पाच कसोट्या

दुकानात नवीन कंपनीचा माल ठेवायचा तर आपण काय बघतो? सॅम्पल, तारीख, बनवणारा कोण, परतीची अट, आणि विकणारा किती घाई करतो. शिकण्याच्या साधनालाही तेच लावा.

पहिली कसोटी: वजावट शिकवतो का? पुष्कळ व्हिडिओ एवढंच सांगतात की क्युबिट एकाच वेळी ० आणि १ असतो, म्हणून क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो. आणि तिथेच थांबतात. हे अर्धवट आहे. मोजल्यावर हातात एकच उत्तर येतं. सगळी उत्तरं आत असून उपयोग काय, बाहेर नेमकं चुकीचं आलं तर? खरी कला ही की चुकीच्या उत्तरांचे ॲम्प्लिट्यूड एकमेकांना खातील आणि बरोबर उत्तराचा मोठा होईल, अशी मांडणी करायची. शिकवणारा पहिल्या काही धड्यांत या मुद्द्यापर्यंत येत नसेल तर पुढचं दुकान बघा.

दुसरी कसोटी: तुमच्याकडून हिशोब करून घेतो का? मॅट्रिक्सचा गुणाकार नाही, स्वाध्याय नाही, नुसती ॲनिमेशन आणि पार्श्वसंगीत, तर ती करमणूक झाली. करमणूक वाईट नाही, पण तिला शिक्षण समजून फी देऊ नका.

तिसरी कसोटी: तारीख. ही कसोटी मी मार खाऊन शिकलो. या विषयात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मोफत सॉफ्टवेअर म्हणजे आयबीएमचं क्विस्किट. ते पायथन भाषेत चालतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीचे बरेच प्रोग्रॅम बंद पडले. जुन्या व्हिडिओत पहिल्याच ओळीत 'एक्झिक्यूट' नावाचं फंक्शन मागवलेलं दिसतं. ते नव्या आवृत्तीत नाहीच. मी दोन रात्री डोकं धरून बसलो, वाटलं आपलंच चुकतंय. माझी चूक नव्हती, मालच एक्स्पायर होता. गणित जुनं झालं तरी चालतं, प्रोग्रॅमिंगचा धडा मात्र २०२४ नंतरचाच घ्या.

चौथी कसोटी: शिकवणारा कोण? नाव शोधा. कोणत्या संस्थेत आहे, त्या संस्थेच्या साइटवर नाव आहे का, विषयात काही लिहिलंय का. "आयआयटीयन्सची टीम" एवढंच लिहिलं असेल आणि एकाही माणसाचं नाव नसेल, तर बिलावर जीएसटी नंबर नसलेल्या व्यापाऱ्यासारखंच समजा.

पाचवी कसोटी: घाई करतो का? "फक्त आज", "शेवटच्या पाच जागा", "नोकरीची हमी". चांगला व्यापारी सॅम्पल देतो आणि म्हणतो, बघा, मग या. पहिले चार-पाच धडे फुकट दाखवायची तयारी नसेल, पैसे परतीची अट लेखी नसेल, तर नमस्कार करा.

जाता जाता एक इशारा. क्वांटम पेंडंट, क्वांटम पाण्याची बाटली, क्वांटम ट्रेडिंग ॲप असंही बाजारात फिरतंय. त्याचा या विषयाशी काडीचा संबंध नाही. विज्ञानाचं नाव छापलं की भाव वाढतो, एवढाच तो धंदा.

कुठला माल कुठे मिळतो

आता कामाचं. खाली जे सांगतोय ते शिकायला पैसे लागत नाहीत. क्रमही महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक मुलं माल कमी पडतो म्हणून सोडत नाहीत. भिंतीआधी पत्रे चढवायला जातात म्हणून सोडतात.

पाया, म्हणजे गणित. तीन गोष्टी लागतात: मॅट्रिक्स, कॉम्प्लेक्स नंबर आणि शक्यता. या आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या गणितातच आहेत. सायन्सलाच नाही, कॉमर्सच्या गणितातही मॅट्रिक्स आणि कॉम्प्लेक्स नंबर आहेत. बालभारतीच्या साइटवर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. जुनं पुस्तक घरात असेल तर तेच काढा. मी काढलं, तेव्हा माझ्याच अक्षरातले चुकलेले गुणाकार सापडले.

आकड्यांच्या मागचं चित्र डोळ्यांसमोर यायला थ्री ब्लू वन ब्राउन या यूट्यूब चॅनलवरची लिनियर अल्जिब्राची मालिका बघा. मॅट्रिक्स म्हणजे नुसता आकड्यांचा चौकोन नसून बाणांना फिरवणारं, ताणणारं यंत्र आहे, हे तिथे दिसतं. याच चॅनलवर २०२५ मध्ये ग्रोव्हरच्या अल्गोरिदमवर एक व्हिडिओ आला. "सगळी उत्तरं एकदम" हा गैरसमज तिथे नीट दूर केलाय.

पहिला पूर्ण कोर्स. एकच निवडा आणि शेवटपर्यंत करा. माझ्या मते तीन चांगले पर्याय आहेत.

एक, जॉन वॉट्रस यांचा 'बेसिक्स ऑफ क्वांटम इन्फर्मेशन'. आयबीएमच्या शिकण्याच्या साइटवर लेखी आणि क्विस्किटच्या यूट्यूब चॅनलवर व्हिडिओ. चार धडे आहेत: एक क्युबिट, अनेक क्युबिट, सर्किट आणि एन्टँगलमेंटचा उपयोग. फिजिक्स येत नसलं तरी चालतं. हळू बोलतात, पायरी वगळत नाहीत.

दोन, 'क्वांटम कंट्री'. अँडी मॅटुशॅक आणि मायकेल नील्सन यांनी २०१९ मध्ये मोफत ठेवलेलं ऑनलाइन पुस्तक. वाचता वाचता मध्येच प्रश्नांची कार्डं येतात, आणि काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. विसरायला वावच देत नाही. व्हिडिओला नेट पुरत नाही अशा धडगाव, अक्कलकुव्याकडच्या मुलांसाठी हे सोयीचं, कारण बहुतेक मजकूरच आहे.

तीन, एनपीटीईएल. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी मिळून चालवतात. त्यात आयआयटी मुंबईचे प्राध्यापक डी. के. घोष यांचा 'क्वांटम इन्फर्मेशन अँड कॉम्प्युटिंग' हा कोर्स आहे. फळ्यावरच्या शिकवण्यासारखी पद्धत आहे, कॉलेजच्या मुलांना ओळखीची वाटेल. व्हिडिओ उतरवून ठेवता येतात. काही कोर्सच्या मजकुराचं मराठी भाषांतरही एनपीटीईएल देतं, त्या त्या कोर्सच्या पानावर बघून घ्या.

हाताने करून बघणं. क्रेग गिडनी यांचं 'क्वर्क' हे ब्राउझरमध्ये चालणारं साधन आहे. गेट उचला, रेषेवर ठेवा, उत्तर लगेच दिसतं. लॉगिन नाही, इन्स्टॉल नाही. वर मी सांगितलेला दोन हॅडमार्डचा प्रयोग आधी तिथे करा. एक गेट ठेवा, पन्नास टक्के. दुसरं ठेवा, शून्य टक्के. स्वतःच्या बोटाने केलं की विश्वास बसतो.

नंतर क्विस्किट. स्वतःचा लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत गुगल कोलॅबवर चालतं. आणि "खरा क्वांटम कॉम्प्युटर कुठून आणू" ही काळजी करू नका. शिकायला सिम्युलेटर भरपूर होतो. त्याचाही हिशोब सांगतो. क्युबिट एक वाढला की लागणारे आकडे दुप्पट होतात. २० क्युबिटला साधारण १६ एमबी मेमरी लागते, ३० क्युबिटला १६ जीबी. शिकताना आपण दोन, तीन, फार तर पाच क्युबिट वापरतो. दुकानातला जुना कॉम्प्युटरही ते काम करतो. आणि दहा-दहा क्युबिटने मेमरी हजारपट होते, यावरूनच कळतं की मोठा क्वांटम कॉम्प्युटर साध्या कॉम्प्युटरवर का बसवता येत नाही. मे २०१६ मध्ये आयबीएमने ५ क्युबिटचं खरं मशीन इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं केलं. आजही दर महिन्याला खऱ्या मशीनची काही मिनिटं मोफत मिळतात. ती शेवटी वापरा, हौस म्हणून.

इथे एक खड्डा आहे, आधीच सांगून ठेवतो. क्विस्किट क्युबिट उजवीकडून मोजतं. म्हणजे पहिला क्युबिट सगळ्यात उजवीकडे लिहिला जातो. बरीच पुस्तकं डावीकडून लिहितात. त्यामुळे पुस्तकात १० उत्तर असतं आणि स्क्रीनवर ०१ दिसतं. तुमचं चुकलेलं नसतं. एकाने रकाने उलटे मांडलेत, एवढंच.

जाड पुस्तक. नील्सन आणि चुआंग यांचं २००० साली आलेलं पुस्तक या विषयातली मोठी वही मानली जाते. पण ते पहिल्या दिवशी घेऊ नका. नवीन दुकानदाराने पहिल्याच दिवशी कंपनी कायदा वाचायला घेतल्यासारखं होईल. पहिला कोर्स संपवा, मग उघडा.

मराठीत शोधायचं असेल तर 'पुंज' हा शब्द लक्षात ठेवा. क्वांटमला मराठीत पुंज म्हणतात. विश्वकोशासारख्या ठिकाणी त्या शब्दाने शोधलंत तर फिजिक्सची पार्श्वभूमी आपल्या भाषेत वाचता येईल.

बारा आठवड्यांचा हिशोब

रोज एक तास, आठवड्याला सहा दिवस. रविवारी सुट्टी.

पहिले तीन आठवडे फक्त गणित. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सचे गुणाकार रोज पाच, कागदावर. चौथा आठवडा एक क्युबिट आणि क्वर्क. पाचवा ते आठवा, निवडलेला कोर्स. दोन क्युबिट एकत्र आले की टेन्सर प्रॉडक्ट येतो, तिथे गाडी अडते. सगळ्यांचीच अडते. तो आठवडा दुप्पट लागला तरी चालेल. नववा आणि दहावा, क्विस्किटवर तेच प्रयोग. अकरावा आणि बारावा, ग्रोव्हरचा अल्गोरिदम स्वतःच्या हाताने, चार नोंदींसाठी.

ग्रोव्हर म्हणजे लव्ह ग्रोव्हर, आयआयटी दिल्लीत शिकलेले. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये असताना त्यांनी हा अल्गोरिदम मांडला. दहा लाख नोंदींची काहीही क्रम नसलेली यादी आहे, त्यातली एकच हवी आहे. साध्या पद्धतीने सरासरी पाच लाख वेळा बघावं लागेल. ग्रोव्हरच्या पद्धतीने साधारण ७८५ वेळा. मोठा फायदा आहे, पण जादू नाही. आणि हो, आपल्या दुकानाचा स्टॉक शोधायला एक्सेलच बरं!

बारा आठवड्यांनी स्वतःची परीक्षा घ्या. घरातल्या कोणाला तरी, आईला, काकांना, दोन हॅडमार्डचा हिशोब समजावून सांगा. त्यांना कळला तर तुम्हाला कळला.

सर्टिफिकेट, नोकरी आणि खरा रस्ता

आता पालकांचा प्रश्न. याचं पुढे काय?

सरळ बोलतो. सहा महिन्यांच्या कोर्सवर कोणी क्वांटम इंजिनिअर होत नाही. या क्षेत्रात काम करणारे बहुतेक लोक फिजिक्स, गणित, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरची पदवी घेऊन, पुढे एमएस्सी-एमटेक, पीएचडी करून आलेले असतात. रस्ता लांबचा आहे. पण तो रस्ता खरा आहे आणि महाराष्ट्रातूनच जातो.

केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ ला राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. रक्कम ६००३ कोटी ६५ लाख रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत. त्याखाली चार केंद्रं ठरली, त्यातलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. पुण्यात आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं आय-हब आहे. मुंबईच्या टीआयएफआरने सुपरकंडक्टिंग पद्धतीचा ६ क्युबिटचा प्रोसेसर बनवला. पुण्यातल्या डीआरडीओच्या यंग सायंटिस्ट लॅबसोबत त्याची पूर्ण चाचणी झाल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं. बाहेरून तो वापरण्याची क्लाउडची बाजू टीसीएसने केली. फक्त ६ क्युबिट म्हणून नाक मुरडू नका. प्रोसेसर इथल्या लोकांनी इथे बनवलाय.

म्हणून बीएस्सीच्या मुलाने काय करावं? आपलं जळगावचं विद्यापीठ धुळे, नंदुरबार, जळगाव तिन्ही जिल्ह्यांना धरून आहे. तिथली पदवी नीट, चांगल्या मार्कांनी पूर्ण करावी. आयआयटी आणि तत्सम संस्थांत एमएस्सीला जायला जॅम परीक्षा असते, तिची तयारी करावी. क्वांटमचं मोफत शिक्षण याच्या जोडीला चालू ठेवावं. सर्टिफिकेट हवंच असेल तर एनपीटीईएलचं घ्यावं. कोर्स मोफत, फक्त केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेची फी लागते, तीही हजार रुपयांच्या आसपास. कुठे पंधरा हजारांचा पहिला हप्ता आणि कुठे हे!

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी आणखी एक. एआयसीटीईने डिसेंबर २०२४ मध्ये क्वांटम तंत्रज्ञानाच्या मायनरचा अभ्यासक्रम आणला. तुमच्या कॉलेजात तो आहे का, नसेल तर कधी येणार, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आपल्या जिल्ह्याला याचं काय?

असंही कोणी म्हणेल की मिरची-पपईच्या भागात हे कशाला. तर ऐका. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आज माझ्या दुकानात दिवसभर आधार, बँक, यूपीआय हेच चालतं. या सगळ्या व्यवहारांमागे एक गणिती कुलूप असतं. मोठ्या आकड्याचे मूळ अवयव शोधणं साध्या कॉम्प्युटरला फार कठीण, या भरवशावर आरएसए नावाचं कुलूप उभं आहे. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर असेल तर हे कुलूप उघडता येईल. तेवढा मोठा कॉम्प्युटर आज नाही. पण कुलपं बदलायची तयारी सुरू झालीय. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलपांची पहिली तीन मानकं जाहीर केली. ही नवी कुलपं साध्याच कॉम्प्युटरवर चालतात. ती बसवायला, तपासायला माणसं लागतील. म्हणजे क्वांटम शिकून फक्त प्रयोगशाळेतच जायचं असं नाही, हाही एक रस्ता आहे.

पहिलं आधार जिथे आलं, तिथल्या मुलांनी त्याचं कुलूप कसं बनतं हे शिकायला काय हरकत आहे?

मग त्या मुलाचं काय झालं?

आठव्या दिवशी आप्पा आले. मी जाहिरातीतल्या नंबरवर त्यांच्यासमोर फोन लावला, स्पीकरवर ठेवला. तीन प्रश्न विचारले. शिकवणाऱ्यांची नावं सांगा. पैसे परतीची अट लेखी पाठवा. आणि हॅडमार्ड गेट दोनदा लावलं तर काय होतं? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस म्हणाला, "सर, आमचे काउन्सेलर तुम्हाला कॉल करतील." आला नाही कॉल.

पैसे खतालाच गेले.

मुलगा पुढचे दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस वही घेऊन आला. क्वांटम कंट्री वाचत होता आणि दोन क्युबिटच्या टेन्सर प्रॉडक्टला अडला होता. मीही तिथेच अडलेलो. दोघांनी दुकानाच्या बाकड्यावर बसून, झेरॉक्सच्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर चार बाय चारची मॅट्रिक्स मांडली. तीनदा चुकली. चौथ्यांदा उत्तर आलं. मध्ये दोन गिऱ्हाईकं परत गेली, त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण ते कागद मी रद्दीत टाकले नाहीत. ड्रॉवरमध्ये ठेवलेत, माझ्या त्या जुन्या सर्टिफिकेटच्या वर.

तो पुढे जाईल का, जॅम निघेल का, हे आज कोणी सांगू शकत नाही. हमी देणारा मी कोण? पण आता कोणी त्याला भेसळीचा माल विकू शकणार नाही, एवढं नक्की.

आजचा गृहपाठ: वही घ्या, दोन हॅडमार्डचा हिशोब न बघता मांडा. मग सुरुवात १ पासून करा आणि उत्तर काय येतं ते काढा. बरोबर आलं तर शिक्षण सुरू झालं. आणि अजून एक रुपयाही खर्च झालेला नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर माल पारखून घ्या, मग तो कुठलाही असो.